थरची वाळू आणि वैशाखातला खानदेश

थर वाळवंटातल्या जैसलमेरच्या परिसरातून गेल्या हिवाळ्यात आणलेल्या वाळूतून आमच्या प्रयोगशाळेत जे जीवाणू वेगळे काढले गेले, त्यांपैकी नारिंगी आणि फिकट गुलाबी रंगाच्या काही वसाहतींची, म्हणजे प्लेटवर वाढलेल्या जीवाणूंच्या ठिपक्यांची, ओळख पटवण्याचे काम उन्हाळा लागला तरी संपले नव्हते. हे जीवाणू विज्ञानाला नवीन आहेत का, हा एक प्रश्न होता. पण त्याच्या आधीचा, आणि माझ्या मते अधिक मोलाचा, प्रश्न असा होता की ते खरोखर वाळवंटाचे आहेत, की पाणी आटलेल्या कोणत्याही मातीत तग धरून राहणारे आहेत. डच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ लौरेन्स बास बेकिंग यांनी १९३४ साली असे मांडले होते, की सूक्ष्मजीव सगळीकडे पोहोचलेले असतात आणि त्यांची निवड तिथली परिस्थिती करते. हे विधान पुरते स्वीकारायचे असो की खोडायचे असो, तुलनेसाठी दुसरी माती हाताशी असल्याशिवाय त्यावर बोलता येत नाही, आणि अशी माती आमच्या दाराशीच होती.

खानदेश हे वाळवंट नव्हे. वर्षाला साधारण २५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस पडणाऱ्या प्रदेशाला वाळवंट म्हणतात, आणि धुळे-जळगावकडे त्याच्या दुपटीहून अधिक पाऊस पडतो. मात्र तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात पडून जातो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा उघड्या माळावरच्या मातीने कित्येक महिने पाण्याचा थेंब पाहिलेला नसतो. म्हणून पहिला पाऊस येण्याआधी, ऐन वैशाखात, चोपडा ते साक्री असा फेरा करून मातीचे नमुने घ्यायचे आम्ही ठरवले. माझ्याबरोबर एम. एस्सी.चे दोन विद्यार्थी होते, एक अमळनेरची मुलगी आणि एक शहाद्याचा मुलगा. आणि गाडी चालवायला आमचे नेहमीचे भाऊ, ज्यांना खानदेशातला एकूण एक फाटा ठाऊक आहे.

सोमवार : जळगाव, विदगाव, अडावद

उन्हे चढण्याआधी जळगाव सोडले आणि विदगावच्या पुलावरून तापी ओलांडली. तापीच्या काठाला गाळाच्या मातीचे जे जाड थर आहेत, त्यांत पावसाच्या पाण्याने घळी कोरून ठेवल्या आहेत. काही घळी इतक्या खोल आहेत, की त्यांत उतरलेला माणूस वरून दिसत नाही. इथली माती पिवळसर, बारीक आणि भुसभुशीत आहे. हातात घेतली तर बोटांच्या फटींतून वाहून जाते. नांगर, खत आणि पाटाचे पाणी यांचा स्पर्श न झालेली माती आम्हाला हवी होती, त्यामुळे घळीच्या तोंडाशी आलेली शेते सोडून आम्ही दोन घळींच्या मधल्या, गुरांनाही चढायला अवघड अशा कडेवर गेलो.

नमुना घेण्याची रीत सांगायला हवी, कारण पुढच्या सगळ्या कामाचा पाया तिथे आहे. वरचा दोन सेंटिमीटरचा थर बाजूला सारायचा, स्पिरिटने पुसून ज्योतीवर तापवलेल्या आणि निवू दिलेल्या चमच्याने त्याखालची माती घ्यायची, एकाच जागेच्या आसपास पाच ठिकाणी असे करून ती माती निर्जंतुक पिशवीत एकत्र करायची, आणि तिथल्या तिथे अक्षांश-रेखांश, मातीचे तापमान, आजूबाजूची झाडे व जमिनीचा उतार वहीत उतरवायचा. पिशवीवरची चिठ्ठी पेन्सिलीनेच लिहायची, कारण स्पिरिटचा हात लागला की शाई पुसली जाते आणि मग सोन्यासारखा नमुना बेवारस होतो.

शहाद्याच्या मुलाने बर्फाची पेटी आणली होती. ओल्या मातीचे किंवा पाण्याचे नमुने बर्फात नेतात, पण कोरड्या मातीला थंडावा दिला की पिशवीच्या आत दव धरते, आणि महिनोन्‌महिने सुप्त पडलेल्या जीवाणूंना तेवढी ओल पुरते. जे लवकर जागे होतात ते वाढतात, जे सावकाश जागे होतात ते मागे पडतात, आणि प्रयोगशाळेत पोहोचते ती माती आपण उचललेली माती राहिलेली नसते. म्हणून आमचे नमुने जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात, आसनाखाली सावलीत, कोरडेच ठेवले.

मुक्कामाला अडावदला मुलीच्या मामांकडे होतो. कळण्याची भाकरी, ठेचा आणि आमरस असे जेवण झाल्यावर ओट्यावर बसून मामांनी विचारले, की डोळ्यांना न दिसणारा जीव नवा आहे हे ठरवते कोण. त्यांना जे सांगितले, ते इथेही सांगते. वनस्पतींची किंवा फुलपाखराची नवी जात ओळखायची तर आकार, रंग, पाकळ्या, शिरा यांवरून पुष्कळ काही कळते. जीवाणूंचे आकार मोजकेच: गोल, दांड्यासारखे, वळलेले, तंतूसारखे. हान्स ख्रिस्तियन ग्राम यांनी १८८४ साली शोधलेल्या रंगपद्धतीने त्यांचे दोन मोठे गट पाडता येतात, पण त्या पलीकडे सूक्ष्मदर्शक फारसा नेत नाही. त्यामुळे फार काळ जीवाणूंची नावे ज्याने त्याने दिली आणि एकाच जिवाला अनेक नावे पडली. हा गोंधळ निस्तरण्यासाठी १ जानेवारी १९८० ही तारीख धरून मान्य नावांची यादी करण्यात आली; त्या यादीत ज्यांचा समावेश झाला नाही, त्या हजारो नावांचा अधिकार तिथे संपला. त्यानंतरचे प्रत्येक नवे नाव ठरावीक नियमांनी, वर्णनासह आणि पुराव्यासह प्रसिद्ध व्हावे लागते. मामांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले, “म्हणजे सातबाऱ्यावर नोंद लागल्याशिवाय जमीन नावावर होत नाही, तसंच.” याहून चांगले उदाहरण मला सुचले नसते.

मंगळवार : उनपदेव, शिरपूर, धुळे

अडावदपासून जवळच, सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेवचा गरम पाण्याचा झरा आहे. तिथला नमुना आमच्या उपयोगाचा नव्हता, कारण झऱ्याभोवतीची जमीन बारमाही ओली असते, पण इतक्या जवळ येऊन विद्यार्थ्यांना तो न दाखवणे बरे वाटले नसते. गायमुखातून पडणाऱ्या पाण्याची वाफ अंगावर घेत मी त्यांना थर्मस ॲक्वाटिकस या जीवाणूची आठवण करून दिली. अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या उष्ण झऱ्यांतून थॉमस ब्रॉक आणि हडसन फ्रीझ यांनी तो वेगळा काढला आणि १९६९ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. उष्णतेत न बिघडणारे त्याचे विकर पुढे डीएनएच्या प्रती वाढवणाऱ्या पीसीआर तंत्राचा कणा ठरले, आणि आज वाळवंटातल्या जीवाणूची ओळख पटवताना आम्ही जो जनुक लाखो पटींनी वाढवून वाचतो, तो त्याच विकराच्या साहाय्याने. ज्या दिवशी त्या जीवाणूचे वर्णन छापले गेले, त्या दिवशी त्याचा असा उपयोग होईल हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. नीट वर्णन केलेले आणि जपून ठेवलेले जीवाणू पुढच्या पिढ्यांच्या कामी येतात, म्हणूनच हे वर्गीकरणाचे काम निगुतीने करावे असे मला मनापासून वाटते.

चोपड्याहून शिरपूर आणि तिथून सावळद्याच्या पुलावरून पुन्हा तापी ओलांडून नरडाणा, सोनगीर असे धुळ्याकडे निघालो. रस्ता महामार्गाचा आणि ऊन भाजून काढणारे. वाटेत सोनगीरच्या अलीकडच्या माळावरचा एक नमुना सोडला तर थांबलो नाही. मात्र गाडीत चर्चा रंगली ती १६एस जनुकाची.

प्रत्येक जीवाणूच्या पेशीत प्रथिने घडवणारे रायबोसोम असतात, आणि त्यांच्या एका घटकाची माहिती ज्या जनुकात असते तो हा १६एस जनुक, साधारण १,५०० अक्षरांचा. तो सगळ्यांकडे असतो, फार सावकाश बदलतो, आणि त्याचे काही भाग सर्वांत सारखे तर काही भाग प्रत्येक गटात वेगळे असतात. कार्ल वोज आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ साली या रेणूच्या आधारे सजीवांची मांडणीच बदलली आणि जीवाणूंपासून आर्किया हा संपूर्ण वेगळा गट बाजूला काढला. आज आमच्यासारख्या लहान प्रयोगशाळेतही या जनुकाचा क्रम वाचून घेता येतो आणि ज्ञात प्रजातींच्या टाइप स्ट्रेनशी, म्हणजे प्रजातीचे नाव ज्यावर बेतलेले असते त्या जपून ठेवलेल्या मूळ जीवाणूशी, ताडून पाहता येतो. जुळणी ९७ टक्क्यांच्या खाली असेल तर प्रजाती वेगळी, असे पूर्वी धरत. २००६ साली ती मर्यादा ९८.७ टक्क्यांच्या आसपास नेण्याची सूचना झाली आणि आता बहुतेक जण तीच वापरतात.

मुलगी म्हणाली, “मग मॅडम, ९८.७ च्या खाली आकडा आला की प्रजाती नवी, इतकं सरळ आहे.” सरळ ते नाही. मर्यादेखाली आलेला आकडा एवढेच सांगतो की पुढे पाहणे योग्य आहे. आणि मर्यादेच्या वर आलेला आकडा दोन्ही एकच आहेत असे सिद्ध करत नाही, कारण काही वेगवेगळ्या प्रजातींचा हा जनुक जवळजवळ सारखा असतो. खरा निवाडा संपूर्ण जीनोमवर, म्हणजे पेशीतल्या सगळ्या डीएनएवर, होतो. पूर्वी दोन जीवाणूंचे डीएनए एकत्र करून ते किती जुळतात हे पाहत आणि ७० टक्के ही प्रजातीची सीमा मानत. १९८७ साली तज्ज्ञांच्या समितीने ती नक्की केली. आता दोन्ही जीनोम वाचून त्यांच्या सामाईक भागांची सरासरी जुळणी काढतात, आणि ती ९५ ते ९६ टक्क्यांच्या खाली असेल तर प्रजाती वेगळ्या ठरतात. धुळ्यात शिरेपर्यंत मुलीने हे सगळे आकडे वहीत उतरवले होते, आणि त्याखाली स्वतःहून लिहिले होते: “कोणाशी ताडून?” माझ्या लेखी तोच प्रश्न या शास्त्राचा गाभा आहे.

बुधवार : कुसुंबा, नेर, साक्री

या फेऱ्यातला सर्वांत महत्त्वाचा दिवस हाच ठरला. धुळ्याहून साक्रीकडे जाताना पांझरेच्या काठाने कुसुंबा आणि नेर लागतात. या खोऱ्यातली फड पद्धत, म्हणजे नदीवर बंधारे घालून गावाने एकत्रितपणे पाणी वाटून घेण्याची जुनी रीत, अभ्यासकांच्या चांगली ओळखीची आहे. पांझरेचे हे हिरवे पट्टे मागे टाकून साक्रीच्या पुढे माळावर चढले, की मुरूम, बसाल्टचे काळे धोंडे, निवडुंग आणि क्षितिजावर पवनचक्क्या एवढेच उरते.

गावात आधी ग्रामपंचायतीत गेलो. जैविक विविधता कायदा, २००२ प्रमाणे गावपातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, आणि मूठभर माती न्यायची असली तरी आपण कोण, कशासाठी आलो, काय नेत आहोत हे गावाला कळलेच पाहिजे अशी माझी भूमिका आहे. एका सदस्यांनी आमच्याबरोबर एक वयस्कर ठेलारी मेंढपाळ बाबा वाट दाखवायला दिले. चमचा, ज्योत आणि पिशव्यांची मांडामांड पाहून त्यांनी विचारले, “हाई माटी कसाले लई जाई राह्यनात, ताई?” मातीतले बारीक जीव शोधायला, असे सांगितल्यावर त्यांनी आम्ही निवडलेली जागा पाहिली आणि मान हलवली. त्या सपाटीवर दर साली मेंढ्या बसतात, असे त्यांचे म्हणणे. लेंडी आणि मूत मुरलेली ती जमीन म्हणजे खताचेच शेत, आणि तिथले जीवाणू मेंढीच्या पोटातले किती आणि माळावरचे किती हे आम्हाला कधीच कळले नसते. त्यांनी आम्हाला पलीकडच्या दगडी उतारावर नेले. तिथे गवत उगवत नाही म्हणून मेंढ्या थांबत नाहीत, एवढी साधी खूण त्यांनी सांगितली. नमुन्याच्या नोंदवहीत त्या जागेसमोर ‘मेंढ्या न बसणारा उतार’ असेच शब्द आहेत.

त्या उतारावर बसाल्टच्या पोकळ्यांतून निसटलेले गारगोटीचे पांढरे, अर्धपारदर्शक खडे विखुरलेले होते. त्यांतला लिंबाएवढा एक खडा मी अलगद उचलला आणि उलटा केला. मातीत रुतलेल्या भागावर, जमिनीच्या रेषेच्या किंचित खाली, गडद हिरवी बारीक कड उमटलेली होती. भिंगातून पाहिल्यावर ती कड दगडाच्या खरबरीत पृष्ठभागाला चिकटलेल्या सूक्ष्म दाण्यांची बनलेली दिसली. अटाकामा, नेगेव्ह, मोहावे अशा वाळवंटांत गारगोटीखाली राहणाऱ्या या वसाहती प्रसिद्ध आहेत, आणि त्यांत क्रोकॉकिडिऑप्सिस हा सायनोजीवाणू, म्हणजे वनस्पतींसारखा प्रकाशावर अन्न बनवणारा जीवाणू, अनेकदा आढळतो. दगडातून झिरपणारा थोडासा प्रकाश त्यांना पुरतो, दगड त्यांना घातक अतिनील किरणांपासून वाचवतो, आणि पहाटेची जी काही ओल दगडाखाली साचते ती बाहेरच्या मातीपेक्षा जास्त वेळ टिकते. दुपारी दोन वाजता उघड्या मुरमाचे तापमान ६० अंशांच्या जवळ होते. त्याच वेळी खड्याखाली तापमापी सरकवल्यावर पारा बराच उतरला. आमच्या हातातली हिरवी कड कोणत्या वंशाची, हे माळावर उभे राहून सांगता येत नव्हते, आणि मी ते सांगितलेही नाही. पण हे झाड, ही सावली, हे घर एका दगडात सामावले आहे हे मुलांनी डोळ्यांनी पाहिले.

आमचा मुख्य रोख मात्र त्या खड्याखालच्या मातीवर होता. थरच्या वाळूतल्या आमच्या रंगीत वसाहती प्राथमिक तपासणीत जिओडर्मॅटोफिलेसी या कुलाकडे झुकलेल्या होत्या. या कुलातला जिओडर्मॅटोफिलस ऑब्स्क्यूरस हा जीवाणू लुडेमन यांनी १९६८ साली वर्णिला, तो नेवाडातल्या अमार्गोसा वाळवंटाच्या मातीतला. २०१२ नंतर सहाराच्या वाळूतून त्याच वंशाच्या प्रजाती एकामागून एक पुढे आल्या. इथपर्यंत हे कुल वाळवंटाचेच वाटते. पण त्याच कुलातला मोडेस्टोबॅक्टर हा वंश २००० साली अंटार्क्टिकातल्या मातीतून वर्णिला गेला, आणि याच कुलातले जीवाणू जुन्या वास्तूंच्या दगडांवरही सापडतात. नेवाडाची होरपळ, अंटार्क्टिकाची गोठण आणि उन्हातला संगमरवर यांत समान काय, तर पाण्याचा दुष्काळ.

या दुष्काळाचा पेशीवर काय परिणाम होतो हे समजले म्हणजे रंगांचाही अर्थ लागतो. पेशी वाळते तेव्हा तिचा डीएनए तुटतो, कधी दोन्ही पेड एकाच जागी तुटतात. बहुतेक जीव यातून सावरत नाहीत. १९५६ साली ऑरेगन राज्यात, किरणोत्सर्गाने निर्जंतुक केलेल्या डबाबंद मांसात डायनोकॉकस रेडिओड्युरन्स हा जीवाणू जिवंत सापडला, तेव्हा पृथ्वीवर कुठेही नसलेल्या इतक्या तीव्र किरणांना तोंड देण्याची ताकद त्याला कशी मिळाली हे कोडेच होते. १९९६ साली मॅटिमोर आणि बॅटिस्टा यांनी दाखवले, की या जीवाणूचे जे उत्परिवर्तित प्रकार किरणांना बळी पडतात, ते वाळवण्यालाही बळी पडतात. म्हणजे तुटलेला डीएनए सांधण्याची ही यंत्रणा मुळात कोरडेपणाशी झगडताना घडली असावी, आणि किरणांपासून बचाव हा तिचा आनुषंगिक लाभ. पुढे सहाराच्या वाळूतून डायनोकॉकस डेझर्टी २००५ साली आणि गोबीच्या वाळवंटातून डायनोकॉकस गोबिएन्सिस २००९ साली वर्णिले गेले. नारिंगी, गुलाबी हे रंग बहुधा कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांचे असतात, आणि ही द्रव्ये सूर्यप्रकाशाने व कोरडेपणाने पेशीत तयार होणारे घातक ऑक्सिजन-रेणू शमवतात. रंगीत वसाहत दिसली की आम्ही हरखून जातो, त्यामागे हे कारण आहे. पण रंग हा ओळखीचा पुरावा म्हणून कच्चा आहे, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे.

संध्याकाळी धुळ्यात मुक्कामाच्या खोलीवर प्रत्येक नमुन्यातली थोडी माती अडीचपट ऊर्ध्वपातित पाण्यात ढवळून तिचा सामू मोजला. साक्रीचा उतार आणि तापीची घळ दोन्ही अल्कधर्मी निघाले, आणि थरची वाळूही तशीच होती. तुलना करायला हे सोयीचे झाले. सामूत मोठे अंतर असते, तर जीवाणूंतला फरक कोरडेपणाचा की सामूचा, हा वाद उरला असता.

गुरुवार : पारोळा, जळगाव

परतीच्या वाटेवर पारोळ्याच्या अलीकडे कपाशीच्या एका रिकाम्या शेतात थांबलो. पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या, वखरणी व्हायची होती, आणि काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. शेतकरी दादांनी आपणहून कुदळ आणली. भेगेच्या काठाची माती ढेकळांची, आत चुनखडीचे पांढरे खडे असलेली. हा नमुना मुद्दाम घेतला: खत, फवारणी आणि पिकाची मुळे यांनी घडवलेली माती तुलनेत नसेल, तर माळावरच्या मातीचे वेगळेपण कळणार नाही. सेल्मन वॅक्समन यांच्या अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ यांनी १९४३ साली स्ट्रेप्टोमायसीन शोधले, ते मातीतल्या स्ट्रेप्टोमायसीस वंशाच्या जीवाणूपासून, हे ऐकून दादांनी आपल्या वडिलांना क्षयासाठी त्याच औषधाची इंजेक्शने दिल्याचे सांगितले. वाळवंटातही हा वंश आहे. चिलीच्या अटाकामातून २०१४ साली वर्णिलेला स्ट्रेप्टोमायसीस लेवेनहोकी हा चॅक्सामायसीन नावाची प्रतिजैविके तयार करतो. प्रतिजैविकांना न जुमानणारे रोगजंतू वाढत असताना वाळवंटांकडे लोकांचे लक्ष वळले ते यामुळे.

दुपारी जळगावला पोहोचलो. खोके उघडले, पिशव्या मोजल्या, चिठ्ठ्या वाचल्या; सगळे जागेवर होते.

शुक्रवार, शनिवार : प्रयोगशाळा

मातीचा प्रत्येक नमुना दोन भागांत केला. एक भाग जसाच्या तसा, आणि दुसरा कोरड्या उष्णतेत १२० अंशांवर तासभर ठेवून. इतक्या उष्णतेत भराभर वाढणारे पुष्कळसे जीवाणू मरतात आणि वाळण्याला सरावलेले ॲक्टिनोजीवाणू (जिओडर्मॅटोफिलस आणि स्ट्रेप्टोमायसीस याच गटातले) त्यातून वाचतात. नाहीतर भराभर वाढणाऱ्यांच्या पसरट वसाहती दोन दिवसांत सगळी प्लेट व्यापून टाकतात. मग निर्जंतुक पाण्यात दसपटीने पातळ करत जाऊन प्रत्येक पायरीचा अंश स्टार्च-केसीन अगारवर आणि अगदी कमी पोषण असलेल्या आर२ए माध्यमावर पसरला, बुरशी रोखण्यासाठी निस्टॅटिन घातले, आणि प्लेटा २८ अंशांवर ठेवल्या. कमी पोषण मुद्दाम: उपाशी राहण्याची सवय असलेल्यांना भरल्या ताटावर वाढता येत नाही.

इथून पुढे घाई चालत नाही. वाळवंटी जीवाणूंच्या वसाहती दिसायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि ज्या प्लेटा पाचव्या दिवशी रिकाम्या म्हणून फेकून दिल्या जातात, त्यांतच नवे काही असण्याची शक्यता अधिक असते.

जूनचा तिसरा आठवडा

साक्रीच्या खड्याखालच्या मातीतून, उष्णता दिलेल्या भागात, टाचणीच्या डोक्याएवढ्या, कोरड्या, नारिंगी वसाहती आल्या. सुईने टोचल्यावर त्या अगारपासून सुटेनात. तापीच्या घळीतून खडूची पूड भुरभुरल्यासारख्या पांढऱ्या-करड्या स्ट्रेप्टोमायसीसच्या वसाहती भरपूर आल्या, तशाच पारोळ्याच्या काळ्या मातीतूनही. नारिंगी मात्र त्या दोन्हींत नाहीत. साक्रीच्या वसाहती पुन्हा पुन्हा रेघाटून शुद्ध केल्या आणि त्यांचा १६एस क्रम वाचून घेतला. रंग वेगळे असले तरी थरच्या गुलाबी जीवाणूशी तो इतका जुळला, की या दोघांना सध्या तरी वेगळे मानायला आधार नाही. दोघेही एका ज्ञात प्रजातीशी ९८.७ टक्क्यांच्या वरच जुळतात. तेव्हा तो जीवाणू वाळवंटाचा नाही आणि बहुधा नवाही नाही, आणि हे कळणे मला नवी प्रजाती सापडण्याइतकेच महत्त्वाचे वाटते, कारण साक्रीला गेलो नसतो तर त्याच्या वर्णनात आम्ही निःशंकपणे ‘वाळवंटातील’ असे लिहिले असते.

थरच्या नारिंगी जीवाणूला खानदेशात जोडीदार मिळालेला नाही, आणि त्याची जुळणी मर्यादेच्या खाली आहे. त्याचा जीनोम आता वाचला जात आहे. तो वेगळा ठरला तरी काम तिथे थांबत नाही. पेशीभित्तिकेतले डायअमिनोपिमेलिक आम्ल कोणत्या प्रकारचे, मेदाम्ले कोणती, क्विनोन कोणते, किती मिठात आणि कोणत्या तापमानापर्यंत वाढ होते, या सगळ्याची नोंद लागते. शिवाय आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे टाइप स्ट्रेन दोन वेगवेगळ्या देशांतल्या, सर्वांना खुल्या असलेल्या संग्रहांत जमा करावा लागतो. आपल्याकडे त्यासाठी पुण्याचे राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आणि चंदीगडचा एमटीसीसी संग्रह आहेत, आणि परदेशी संग्रहाकडे पाठवण्यापूर्वी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची प्रक्रिया पार पाडावी लागते. कटकटीची वाटली तरी संग्रहांत जमा करण्याची ही अट योग्य आहे: ज्याला शंका येईल त्याला तो जीवाणू मागवून स्वतः तपासता आला पाहिजे. पुन्हा तपासण्याने मांडणी बदलते, हे आपल्याकडच्याच एका उदाहरणात दिसते. उंच वातावरणातल्या हवेच्या नमुन्यांतून मिळालेला आणि आर्यभटांच्या नावाने २००९ साली वर्णिलेला बॅसिलस आर्यभट्टाई, जीनोमांच्या व्यापक तुलनेनंतर २०२० साली प्रीस्टिया या वंशात गेला.

नारिंगी जीवाणूच्या सर्वांत जवळच्या ज्ञात प्रजातीचा टाइप स्ट्रेन मागवण्याचा अर्ज गेल्या आठवड्यात केला. तो आला की दोघांना एकाच माध्यमावर, एकाच इन्क्युबेटरमध्ये, एकाच दिवशी लावायचे आहे. छापील वर्णनातल्या आकड्यांशी ताडलेली तुलना माध्यम आणि हात बदलल्याने फसवी होऊ शकते. तोवर पावसाळ्यात साक्रीच्या त्याच उतारावर पुन्हा जाऊन ओल्या मातीचा नमुना घ्यायचा आहे, आणि मेंढपाळ बाबांना तसा निरोप धाडला आहे.